चाकाचे माप कडेपासून कडेपर्यंत नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मोटारींना मॅगव्हील, म्हणजे मिश्रधातूची ओतीव शोभिवंत चाके, बसवण्याची हौस आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहे आणि वापरलेल्या चाकांची खरेदी-विक्री मोबाइलवर फोटो पाहून होऊ लागली आहे. या व्यवहारात चाकाचे माप घेण्याची रूढ झालेली पद्धतच चुकीची आहे. त्यामुळे लोकांचे पैसे वाया जातात आणि प्रसंगी जिवावर बेतू शकते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या महिन्यात माझ्या पुतण्याने अशी चार चाके घेतली. विकणाऱ्याने त्याच्यासमोर टेप धरून दाखवला, तो एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत सव्वासोळा इंचांच्या थोडा वर आला. "सोळाचं चाक आहे," या शब्दावर विसंबून पुतण्याने सोळा इंची चार नवे टायर घेतले. टायरवाल्याने पहिला टायर चढवला तर तो रिमवर सैल बसला. त्याने चाक उलटे करून मागच्या बाजूचा चिखल ओल्या फडक्याने पुसला, तेव्हा ओतीव अक्षरे दिसली : ६ जे × १५, म्हणजे रुंदी सहा इंच आणि व्यास पंधरा इंच. विकणाऱ्याने जाणूनबुजून फसवले असे मला वाटत नाही. मोजायचे कुठे, हेच त्याला ठाऊक नव्हते.

रिमचा व्यास टायरची कड जिथे बसते त्या बैठकीवर मोजतात, बाहेरच्या काठावर नव्हे. पंधरा इंची रिमच्या बैठकीचा व्यास सुमारे ३८० मिलिमीटर असतो आणि टायर घसरू नये म्हणून ठेवलेला काठ तिच्याभोवती सुमारे साडेसतरा मिलिमीटर उभा असतो. दोन्ही बाजूंचे धरून ४१५ मिलिमीटर होतात, आणि टेपवर तेच दिसते. रुंदीही दोन काठांच्या आतल्या अंगांमध्ये मोजायची असते. बाहेरून टेप लावला तर सहा इंची रिम जवळपास सात इंच भरते. 'जे' हे त्या काठाच्या आकाराचे चिन्ह आहे. चाकावर जुना टायर असेल तर टेपचीही गरज नाही : टायरवर १८५/६५ आर १५ असे लिहिलेले असते, त्यातला शेवटचा आकडा रिमचा व्यास होय.

पुतण्याचे नुकसान पैशांवर भागले, कारण फरक पूर्ण एक इंचाचा होता आणि तो लगेच लक्षात आला. फरक थोडा असेल तर धोका अधिक. अमेरिकेत पूर्वी पिकअप गाड्यांना साडेसोळा इंची रिमही येत असत. त्यावर सोळा इंची टायर चढतो, पण त्याची कड बैठकीवर बसत नाही, आणि ती बसावी म्हणून हवा वाढवत नेली की टायर फुटतो. अशाच अपघातात जबर जखमी झालेल्या एका मेकॅनिकच्या खटल्याचा निकाल टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली दिला. त्या टायरवर धोक्याची सूचना छापलेली होती, तरीही हे घडले.

दुसरी चूक नटांच्या भोकांची. चार भोके दिसली की चाक कोणत्याही चार नटांच्या गाडीला बसेल असे लोक धरून चालतात. सर्व भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास जुळावा लागतो : मारुती स्विफ्टच्या भोकांचे वर्तुळ १०० मिलिमीटरचे, तर फियाट लिनियाचे ९८ मिलिमीटरचे आहे. दोन मिलिमीटरने काय होते, असे मला विचारले जाते. बोल्ट तिरके ओढले जातात, पान्याला नट घट्ट लागतो, पण त्याचा निमुळता भाग भोकाच्या बैठकीत नीट बसलेला नसतो आणि धावत्या गाडीत तो सैल होतो. चार भोकांच्या चाकात एका भोकाच्या डाव्या कडेपासून समोरच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजावे. पाच भोकांत बरोबर समोर भोक नसते, म्हणून शेजारच्या दोन भोकांचे अंतर याच रीतीने घेऊन त्याला १.७ ने गुणावे : सुमारे ५९ आले तर वर्तुळ १०० चे, ६७ आले तर ११४.३ चे. मधले मोठे भोकही व्हर्नियरने (बारीक मापाच्या कॅलिपरने) तपासावे, कारण स्विफ्टला ते ५४.१ आणि होंडा सिटीला ५६.१ मिलिमीटर लागते.

राहिला ऑफसेट, म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक आवळतात त्याला) टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर; ते सहसा कोणी विचारतच नाही. चाक पालथे ठेवून मागच्या काठांवर सरळ पट्टी आडवी ठेवावी आणि तिथून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतची खोली मोजावी. ती १३४ मिलिमीटर आणि चाकाची बाहेरची रुंदी १७८ असेल, तर १३४ मधून निम्मी रुंदी, म्हणजे ८९, वजा करून ४५ उरतात. चाकावर 'ईटी ४५' असते ते हेच. हा आकडा फार कमी असला तर चाक बाहेर येऊन मडगार्डला घासते, फार जास्त असला तर आत सस्पेन्शनला लागू शकते.

माझी विनंती जुनी चाके विकणाऱ्यांना आहे : जाहिरातीत नुसते 'सोळा इंची' लिहू नका, चाकाची मागची बाजू पुसून तिथल्या अक्षरांचा स्पष्ट फोटो टाका. घेणाऱ्यांनीही तो फोटो पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत आणि नवे टायर तर त्यानंतरच घ्यावेत.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (आयटीआय), सांगली