पंचगंगेकाठच्या शिल्पात डॉल्फिन नको, अहीर हवा

महोदय,

आपल्याकडे पाण्याशी संबंधित काही सुशोभीकरण करायचे ठरले, की बहुतेक वेळा फायबरचा डॉल्फिन उभा राहतो. त्याच्या तोंडातून काही महिने कारंजे उडते, मग पंप बंद पडतो आणि निळ्या रंगाचे पोपडे निघू लागतात. नदी आणि समुद्रातील जीवसृष्टीवर आधारलेले एखादे सार्वजनिक शिल्प पंचगंगेच्या काठी असावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. मात्र तसे शिल्प कधी झालेच, तर त्यावर कोणते जीव असावेत हे निविदा निघण्याआधी ठरावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

कोल्हापूरचा समुद्राशी काय संबंध, असे कोणी विचारील. टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात पोसायडन या ग्रीक-रोमन समुद्रदेवाची वीतभरही उंच नसलेली एक कांस्यमूर्ती आहे. ज्या ब्रह्मपुरीच्या टेकडीचे 1945-46 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केले, त्याच पंचगंगेकाठच्या टेकडीवर ती सापडलेली आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा पाहुणा व्यापाराच्या वाटेने घाट चढून आला असावा. समुद्र आपल्याकडे येऊन गेला आहे, तो असा.

दुसरा संबंध जिवंत प्राण्याचा आहे आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. अहीर हा सापासारखा लांब मासा हिंदी महासागराच्या खोल पाण्यात जन्मतो. त्याची पारदर्शक पिल्ले प्रवाहाबरोबर किनाऱ्याला लागतात, नद्यांच्या मुखातून आत शिरतात, गोड्या पाण्यात कित्येक वर्षे वाढतात आणि आयुष्यात एकदाच, अंडी घालण्यासाठी, पुन्हा समुद्राकडे निघतात. आपली पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते आणि कृष्णा आंध्र प्रदेशात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. त्या मुखापासून वर चढू पाहणाऱ्या अहिराच्या वाटेत आज प्रकाशम बंधारा, नागार्जुनसागर, श्रीशैलम, नारायणपूर आणि अलमट्टी ही धरणे उभी आहेत. समुद्र आणि आपली नदी एकाच देहात दाखवणारा प्राणी हवा असेल, तर तो हाच. ज्याने पंचगंगेचे पाणी कधी पाहिलेले नाही, त्या डॉल्फिनला हा मान कशासाठी द्यायचा?

माझ्या डोळ्यांसमोर काळ्या दगडाचा एक उभा खांब आहे आणि त्यावर वरून खाली, म्हणजे घाटमाथ्यापासून संगमापर्यंत, कांस्याचे प्राणी आहेत. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांच्या पाच रेषा माथ्यावरून उतरून प्रयाग चिखलीच्या उंचीवर एक होतील. वरच्या खळाळत्या भागात महाशीर, दगडाआडचा खेकडा आणि पाणमांजर. मधल्या संथ पात्रात वाम, मऊ पाठीचे कासव आणि मरळ. हा क्रम केवळ शोभेचा नाही. महाशीराला वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते, तर मरळ पृष्ठभागावर येऊन हवेतला श्वास घेऊ शकत असल्यामुळे गढूळ, कोंडलेल्या पाण्यातही तग धरते. उन्हाळ्यात बंधाऱ्यात अडलेल्या पाण्यात सांडपाणी मिसळून प्राणवायू संपतो आणि माशांचा खच पडतो, तेव्हा आधी कोण मरते आणि शेवटी कोण उरते, याचे उत्तर या खांबावर वरून खाली वाचता येईल. भारतात 1952 मध्ये आणलेली आणि हल्ली जाळ्यात हमखास येणारी आफ्रिकेतील चिलापी ही मासळीही त्यावर असावी, असे माझे मत आहे. पाहुण्यांच्या यादीतून पोसायडनला वगळत नसू, तर तिला तरी का वगळावे?

खांबाच्या एका बाजूला पाण्याच्या खुणा कोराव्यात. पावसाळ्यात कोल्हापूरकर एकमेकांना आधी विचारतो ते पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे हे. तेथील 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी शाळकरी मुलांनाही पाठ आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरांत पाणी 55 फुटांच्या पुढे गेले. बंधाऱ्यावर हे आकडे असताना शिल्पाच्या जागी पाणी नेमके कुठवर येते, हे जलसंपदा विभागाकडून मोजून घ्यावे आणि तेथे रेघ मारावी. म्हणजे दरवर्षी एकेक प्राणी पाण्याखाली जाताना आपल्याला दिसेल. अर्थात पूररेषेच्या आत काहीही उभारायचे तर रीतसर परवानगी हवी आणि प्रवाहाला अडथळा होता कामा नये. पंचगंगा घाटावरील जुन्या समाध्या आणि मंदिरे यांच्यामध्ये तर हा खांब मुळीच नको.

कामासाठी बाहेर पाहण्याची गरज नाही. कावळा नाक्यावरील ताराराणींच्या पुतळ्यातला घोडा दोन पायांवर तोलून धरणारे शिल्पकार रवींद्र मेस्त्री याच शहराचे होते आणि ओतकाम तर उद्यमनगरच्या अंगातच भिनलेले आहे. एक तांत्रिक बाब मात्र सांगितली पाहिजे. महाशीराचे खवले वाळूच्या साच्यात नीट उतरणार नाहीत, कारण खवल्याच्या मागे माती अडकते आणि पॅटर्न, म्हणजे ज्याच्यावरून साचा पाडतात तो नमुना, सरळ वर निघत नाही. तेथे मेणाचीच पद्धत, म्हणजे मेणाच्या नमुन्याभोवती साचा करून मेण वितळवून काढण्याची, वापरावी लागेल. तसेच शिल्पकाराने संगणकावरची चित्रे पाहून मासे घडवू नयेत. आधी नदीकाठच्या गावांतील भोई मंडळींना आणि शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाला विचारावे आणि प्रत्येक प्राण्याखाली जाळे टाकणारे वापरतात तेच नाव कोरावे.

अहिराचे अंग गुळगुळीत असते, त्यामुळे तो वाळूच्या साच्यातही उतरेल. कांस्य थंड होताना आकसते, तेवढे माप वाढवून त्याचा सागवानी पॅटर्न मी विनामोबदला करून देईन. माझी हत्यारे अजून धार धरून आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पॅटर्नमेकर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर