पायाखालची काळी माती कोणाच्या नावावर?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी झाली, कापसाचे पैसे हातात आले, की आमच्या भागात बांधकामांचे करार सुरू होतात. बहुतेक सगळे ठोक रकमेचे. ‘विथ मटेरियल एवढे लाख, वर एक रुपया मिळणार नाही.’ मी बावीस वर्षे अमळनेर-पारोळा पट्ट्यात लहान ठेके घेतो. या एका ओळीने काय होते ते भोगले आहे, म्हणून लिहितो.

जानेवारी २०२२ मध्ये एका गावात शाळेच्या दोन खोल्या ११ लाख ८० हजारांना घेतल्या. संस्थेने एक खड्डा दाखवला, त्यात पाच फुटांवर मुरूम, म्हणजे पाया टेकवता येईल असा कडक थर, होता. तो खड्डा आवाराच्या उंच कोपऱ्यात होता आणि खोल्या नाल्याच्या बाजूला, हे मी तेव्हाच बोलायला हवे होते. पाया खणायला लागलो. सहा फूट झाले, आठ झाले. गवंडी खालून म्हणाला, “भाऊ, आजून कायीच शे,” म्हणजे अजून काळी मातीच आहे. मुरूम लागला दहा फुटांवर. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर पाया टेकवला तर दोन वर्षांत भिंती तडकतात. थांबणे शक्यच नव्हते. बारा खड्डे, प्रत्येक पाच बाय पाचचा, पाच फूट जास्त खोल, म्हणजे पंधरा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) जादा खोदाई. मुरमाची भराई, साठ फूट वाढीव कॉलम, दोन क्विंटल सळई वेगळी. पन्नास हजार तिथेच गेले.

सळई मी ५८ रुपये किलोने धरली होती. एप्रिलमध्ये स्लॅबसाठी दोन टन घेतली ती ७६ ने. केंद्राने मे महिन्यात पोलादाच्या निर्यातीवर शुल्क लावले आणि भाव उतरले, पण तोवर आमचा स्लॅब ओतून झाला होता. नव्वद हजार नफा धरला होता, हाती चार हजार राहिले.

वकिलांना विचारले. ते म्हणाले, करार कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे काम अशक्य झाले तर सुटका होते, नुसते महाग पडले म्हणून नाही. करारात तर स्पष्टच होते, ‘जागेची पाहणी करूनच दर भरला आहे.’ सही माझीच. त्यामुळे संस्थेने कायद्याने काही चुकीचे केले असे मी म्हणत नाही.

पण घरमालकांनी एक ध्यानात घ्यावे. ठोक रकमेने धोका नाहीसा होत नाही. अनुभवी ठेकेदार तो आधीच रकमेत चढवतो, म्हणजे मुरूम वर लागला तरी पैसे तुमचेच जातात. आणि ज्याने काम मिळवायला कमी रक्कम भरली, तो पुढे उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा सहा इंचांऐवजी आठ इंचांवर बांधतो. काँक्रीट ओतल्यावर ते कोणाला दिसणार? सरकारी बांधकामाच्या ‘बी-१’ नमुन्याच्या निविदेतसुद्धा प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे पैसे मिळतात, मग खासगी कामात जमिनीखालचे सगळे ठेकेदाराच्याच डोक्यावर का?

माझी मागणी लहान आहे. सहीआधी बांधकामाच्या जागेवरच तीन-चार खड्डे मालकाने घ्यावेत. पायाची खोली करारात लिहावी. त्याच्या खाली-वर जे होईल त्याचा फुटावर दर ठरवावा. सिमेंट-सळईचा त्या दिवसाचा भाव लिहावा आणि ठरल्यापेक्षा जास्त फरक पडला तर दोन्हीकडून हिशेब व्हावा. माझी मजुरी, माझा उशीर, माझ्या चुका यांचा भार माझ्यावरच राहू द्या.

गेल्या वर्षी धरणगावकडच्या एका घरमालकाने असाच करार केला. सहा फूट धरले होते, मुरूम साडेचारवरच लागला. दीड फुटाचे पैसे मी शेवटच्या बिलातून वजा केले.

— एक बांधकाम ठेकेदार, अमळनेर (जि. जळगाव)