हात मागे बांधून

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू सहज विचारलंस, "मग काय, त्यांचा वेळ बरा जात असेल ना तिथे?" आणि मी "हो, जातो की" म्हणून विषय बदलला. फोन ठेवल्यावर माझाच मला राग आला. तुझा नाही. तू पडलास हिशेबातला माणूस, वेळ कुठे गेला हे विचारणारच. पण वर्षभर आठवड्यातून तीन दिवस मी ज्या जागी जातो, तिच्याबद्दल मला दोन वाक्यं धड सांगता येऊ नयेत? म्हणून हे पत्र. लांबेल, चष्मा जवळ घेऊन बस.

जागा म्हणजे अपंगत्व असलेल्या माणसांसाठीचा कलेचा स्टुडिओ, एक लांबलचक हॉल. मोठ्या खिडक्या, भिंतीला लागून खण, मधे टेबलं, आणि टेबलांमधून चाकाची खुर्ची आरामात वळेल एवढी वाट. वीस-बावीस जण येतात. कुणाला डाउन सिंड्रोम आहे, कुणाला ऑटिझम, कुणाला सेरेब्रल पाल्सी, एकांना दिसत नाही, एकीची वाचा अपघातानंतर गेली. हे तुला म्हणून सांगतोय, तिथे ओळख करून देताना यातलं काही निघत नाही. 'अपंग' म्हणावं की 'दिव्यांग' यावर आपण एकदा तासभर भांडलो होतो, आठवतं? इथे त्या भांडणाचं कामच पडत नाही. ते कोण? ते मातीत काम करतात. आणि त्या? त्या मोठे कागद घेतात. संपलं. नावं मात्र लिहीत नाही. त्यांना न विचारता तुझ्या पत्रात त्यांना आणून बसवणं बरं नव्हे, हेही मी तिथेच शिकलो.

तो वर्ग नाही. फळा नाही, 'आज आपण पोपट काढू या' नाही. आणि उपचारही नाहीत. लाल रंग जास्त का वापरला म्हणून कुणी वहीत टिपण करत बसत नाही. लोक येतात, आपापल्या टेबलाशी जातात, काल जिथे सोडलं होतं तिथून पुढे काम करतात.

आता माझा पराक्रम ऐक. सव्वीस वर्षं चित्रकलेचा मास्तर होतो. पोरांच्या कागदावर वाकून "असं नाही रे, असं" म्हणत त्यांचीच पेन्सिल घेऊन रेघ ओढायची, ही सवय हाडात मुरलेली. तिथे पन्नाशीचे एक गृहस्थ येतात, सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांचा हात त्यांचं ऐकेलच असं नसतं. कागदाकडे निघालेला ब्रश मधेच खांद्याकडे जातो, फिरून येतो, पुन्हा लांब जातो आणि मग एका क्षणी टेकतो. टेकला की जी रेघ निघते ती एका दमात, जाड, शेवटाला फाटलेली. त्या दिवशी ते निळ्या रंगात मोठं वर्तुळ काढत होते. तास तरी झाला असेल. वर्तुळाचं तोंड मिटायला चार बोटं अंतर उरलं होतं. ब्रश चारदा आला, चारदा हुकला. पाचव्यांदा आला तेव्हा मी त्यांच्या मनगटाखाली हात घातला आणि वर्तुळ पुरं करून टाकलं.

वर "वा!" असंही म्हणालो.

दादांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोटं सोडली, ब्रश खाली पडला. खुर्ची भिंतीकडे वळवायची खूण केली आणि दुपारपर्यंत तसेच बसून राहिले. स्टुडिओ चालवणाऱ्या ताई माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्या रागावल्या नाहीत. कागद उचलला, पाठीमागे तारीख घातली आणि पेन तसंच धरून मला विचारलं, "नाव कुणाचं घालू?"

काय बोलणार? त्यांनी दोघांची नावं घातली आणि कागद खणात ठेवून दिला. अजून तिथेच आहे. मी मधूनमधून काढून बघतो. दादा कुठे संपतात आणि मी कुठे सुरू होतो ते लांबूनसुद्धा दिसतं. त्यांची रेघ थरथरत, अडखळत, कागदाशी झटत आलेली. माझी चार बोटं गुळगुळीत. मेलेली. सव्वीस वर्षांत किती पोरांच्या चित्रांत मी असे गुळगुळीत तुकडे बसवले असतील, हा हिशेब तू मांडू नकोस.

तेव्हापासून मी हात मागे बांधून उभा राहतो. अगदी खरोखरीच. पहिले काही दिवस एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून ठेवावं लागे.

याचा अर्थ मदत करायची नाही असा नाही. मदतीला तिथे अंत नाही, फक्त ती चित्राच्या अलीकडे थांबते. कागद सरकू नये म्हणून चारी बाजूंनी चिकटपट्टी. पाण्याचं भांडं बुडाला जड, म्हणजे धक्क्याने कलंडत नाही. बारीक दांडी पकडता येत नसेल तर ब्रशवर स्पंजची नळी चढवायची. ज्यांना बोटं मिटताच येत नाहीत त्यांच्या तळव्याला पट्ट्याने ब्रश बांधायचा. तोंडात ब्रश धरून रंगवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्या दांडीची लांबी ठरवायला आम्हाला तीन आठवडे लागले. आखूड झाली तर डोळे कागदाच्या फार जवळ येतात, लांब झाली तर जबडा दुखतो. गोंगाट सहन न होणाऱ्यासाठी कोपऱ्यात पाठ भिंतीला लागेल अशी जागा आणि कानांवर हेडफोन. दिसत नाही ते गृहस्थ कागदावर आधी डिंकाच्या जाड रेघा ओढतात. सुकून उंच झाल्या की बोटाने चाचपत त्यांच्या आत रंग भरतात. त्यांना बघताना मला चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी आठवतात. १९५७ च्या सुमारास शस्त्रक्रिया फसून त्यांची दृष्टी पूर्ण गेली, आणि त्यानंतर त्यांनी कागद कापून चित्रं केली, १९७२ मध्ये शांतिनिकेतनात टाइल्सचं भित्तिचित्र केलं. आपण कॉलेजात त्यांची आधीची भित्तिचित्रं तोंडपाठ केली होती. नंतरच्या कागदांबद्दल आपल्याला कुणी काही सांगितल्याचं आठवत नाही.

पण ही 'अलीकडे' नावाची रेषा दिसते तेवढी सरळ नाही. वाचा गेलेली ती मुलगी नजरेने रंग निवडते. मी दोन बाटल्या समोर धरायचो, ती एकीकडे बघायची, तो रंग द्यायचो. दोन महिन्यांत तिची सगळी चित्रं मातकट, तपकिरी झाली. मला वाटलं, काय गंभीर वृत्ती आहे पोरीची! ताईंनी एक दिवस बाटल्यांची अदलाबदल केली. ती पुन्हा डावीकडेच बघत होती. रंग निवडत नव्हती रे, तिची मान तिकडे सहज वळत होती, आणि डाव्या हातात मातकट रंग धरायची खोड माझी होती. आता रंगांच्या पट्ट्या तिच्यासमोर वरखाली लावतो, जागा बदलून दोनदा विचारतो. सध्या तिचं सगळं भडक गुलाबी चाललंय. मला मुळीच आवडत नाही. म्हणजे बहुधा तिचंच असावं.

आता तुझा वेळेचा प्रश्न. तो तुझ्याआधीही लोकांना पडला होता. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात मोठमोठ्या सरकारी संस्थांमध्ये कोंडलेली माणसं बाहेर यायला लागली, तेव्हा त्यांनी दिवसभर करायचं काय, असाच तो विचारला गेला. फ्लोरेन्स आणि एलायस कॅट्झ या दांपत्याने, ती कलाशिक्षिका, तो मानसशास्त्रज्ञ, १९७४ मध्ये आपल्या घराच्या गॅरेजमध्ये रंग आणि कागद मांडले. त्यातून उभी राहिली ओकलंडची 'क्रिएटिव्ह ग्रोथ'. अशा प्रकारचा जगातला सगळ्यात जुना स्टुडिओ म्हणून तिचंच नाव घेतात. तिथली जुडिथ स्कॉट माझ्या डोक्यातून जात नाही. १९४३ चा जन्म, जुळ्यांपैकी एक. डाउन सिंड्रोम, त्यात लहानपणीच्या आजारात कान गेलेले, आणि ते वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही. ऐकत नाही, बोलत नाही, म्हणजे शिकण्याजोगी नाही असा शेरा बसला आणि सातव्या वर्षी संस्थेत रवानगी झाली. पस्तीस वर्षं. मग जुळ्या बहिणीने, जॉइसने, तिचं पालकत्व घेतलं, तिला बाहेर काढलं आणि १९८७ मध्ये या स्टुडिओत आणलं.

आणि जवळजवळ दोन वर्षं जुडिथने विशेष काही केलं नाही. कागदावर गोल गिरमिटायची, बस. पुढे धाग्यांत काम करणाऱ्या एक कलावती कार्यशाळा घ्यायला आल्या. जुडिथने त्यांनी सांगितलेलं काहीच केलं नाही. काटक्या घेतल्या, एकत्र बांधल्या आणि त्यांवर सूत गुंडाळायला बसली. २००५ मध्ये जाईपर्यंत ती गुंडाळतच होती. माणसाच्या उंचीचे कोश, गाठोडी, जुळी शरीरं. सगळी मिळून दोनशेच्या आसपास. आत काय काय दडवलेलं! एकदा सूत हाताशी नव्हतं, तर हात पुसायचे कागद पिळून त्यांचंच पांढरंशुभ्र शिल्प केलं. २०१४ मध्ये ब्रुकलिन म्युझियमने तिचं मोठं प्रदर्शन भरवलं. लोक ही गोष्ट सांगताना त्या कोशांपाशी थांबतात. मी त्या आधीच्या दोन वर्षांपाशी थांबतो. ती गोल गिरमिटत असताना कुणी तिच्या मनगटाखाली हात घातला असता तर? माझ्यासारखा एखादा मास्तर?

तू म्हणशील, जुनी गोष्ट झाली. तर मग २०२५ च्या डिसेंबरातली घे. ब्रिटनमधला कलेचा मोठा मानला जाणारा टर्नर पुरस्कार नेना कालू यांना मिळाला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या कलाकाराला तो पहिल्यांदाच मिळाला. लंडनच्या 'अ‍ॅक्शनस्पेस' या संस्थेच्या स्टुडिओत त्या १९९९ पासून काम करतायत. कापड, दोर, व्हिडिओ टेपच्या फिती गुंडाळून त्या लटकती शिल्पं करतात, आणि भोवऱ्यासारखी रेखाटनं, एकासारखं दुसरं, शेजारी शेजारी. बोलतात फार थोडं. मंचावर त्यांच्या वतीने बोलल्या त्या वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या सहकारी. पंचवीसएक वर्षं, मित्रा. वेळ 'जातो' म्हणजे हा असा.

पण म्हणून आमच्या हॉलमध्ये बावीस जुडिथ बसल्यात असं समजू नकोस. एक तरुण मुलगा आहे, आठ महिने फक्त कागद फाडतोय. लांब, एकसारख्या पट्ट्या. त्या जमिनीवर पसरतो आणि निघताना स्वतःच गोळा करून टोपलीत टाकतो. ही कला आहे का? मला कुणी विचारलंच तर मी गप्प बसेन. ताई एवढंच करतात की वेगवेगळ्या जाडीचे कागद त्याच्या टेबलावर ठेवतात. परवा त्याने जाड कागद परत आणून दिला. आवाज आवडला नसावा.

प्रदर्शनाचं थोडक्यात सांगतो, कारण तो दिवस मला मनापासून आवडला नाही. लोक आले, चांगले लोक, आणि प्रत्येक चित्रासमोर "बिचाऱ्यांनी किती छान केलंय" म्हणत फिरले. एका गृहस्थांनी न बघताच तीन चित्रं मागितली, चांगल्या कामाला हातभार म्हणून. ताईंनी त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "आधी बघा, आवडलं तर घ्या." अर्धा तास बसले आणि एकच घेतलं, पण ते उचलताना हात जरा जपून धरले होते. विकलं की निम्मी रक्कम कलाकाराची, थेट त्याच्या खात्यात. हा भाग तुला आवडेल. मोठे कागद घेणाऱ्या त्या बाईंनी मात्र एकही चित्र विकायला ठेवलं नाही. त्यांचे भाऊ समजूत घालून दमले. "माझं आहे," एवढंच त्यांचं म्हणणं.

दादांनी मला माफ केलं का, ते सांगता येत नाही. त्या प्रसंगानंतर सहा आठवडे मी टेबलाजवळ गेलो की ते ब्रश ठेवून द्यायचे. मग तसं करणं थांबलं. काल मी नेहमीसारखा मागे उभा होतो. त्यांचं काम रंगात आलं होतं. पिवळा, त्यावर निळा. अचानक हात थांबला, खांद्याकडे गेला, फिरला आणि ब्रशची दांडी सरळ माझ्याकडे आली. मी घेईना. पुन्हा पुढे केली. माझ्या घशात काहीतरी दाटलं बघ, वाटलं, दादा म्हणतायत, ये, मार एक रेघ. ब्रश हातात घेतला. आणि मग त्यांची नजर कुठे आहे ते बघितलं, तर ती पाण्याच्या भांड्यावर होती.

निळा पिवळ्यात मिसळून हिरवा होत होता. ब्रश धुऊन हवा होता त्यांना. नीट धुतला, फडक्याने टिपला आणि दांडीकडून परत दिला.

तुझा,
मास्तर