द्राक्षासवाची बाटली फडताळात ठेवली आहे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

खाली येऊन समोर बसून सांगायचं तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा आईने चहा पुढे केला आणि मी भाजीचं काहीतरी बोलून वर निघून आले. म्हणून लिहितेय. मागच्या महिन्यात वास्तुशांतीला म्हणून दिल्लीला गेले, ते खोटं होतं. हवाई दलाच्या केंद्रात माझं वैमानिकाचं मेडिकल होतं. फिट ठरले. सोमवारपासून गुरुग्रामला सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, सराव सुरू होतोय. मी परत उडणार आहे. खोटं बोलले त्याची माफी मागते. अनफिट ठरले असते तर ते दुःख तुमच्यापर्यंत कशाला पोचवायचं, एवढंच मनात होतं.

बाबांचं ऑपरेशन, आईचे गुडघे, आणि त्यात हिचं हे, असं तुम्ही म्हणणार नाही. म्हणूनच मला जास्त लागतं.

पण बघा, मला अडतिसावं चालू आहे. नियमाने ६५ पर्यंत उडता येतं. माझे लायसन्सचे २०० तास बाबांच्या पीएफमधून आणि आईच्या पाटल्यांतून झाले. नऊ वर्षं घरी राहिले ती माझ्या मर्जीने, त्याचं वाईट वाटत नाही. पण हल्ली ओझरकडे जाणारं विमान डोक्यावरून गेलं की तव्यावरची पोळी करपते.

बाबा, तुम्हाला नियम आवडतात म्हणून सांगते. ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली नसतील तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. माझी तर नऊ वर्षं गेली. तेव्हा मला कोणी उचलून थेट कॉकपिटमध्ये बसवणार नाही. आधी सिम्युलेटरवर टेकऑफच्या ऐन क्षणी इंजिन बंद करतील, केबिनचा दाब घालवतील, आणि हात बसेपर्यंत सोडणार नाहीत. पास झाल्यावरही सुरुवातीला शेजारी ट्रेनर कॅप्टन असतोच. हँगरमध्ये दुसऱ्याची सही झाल्याशिवाय तुम्ही मिग सोडत नव्हता, तसंच.

आई, मुक्कामाला चांगलं हॉटेल असतं, वरणभात मिळतो. आठवड्याला सलग ४८ तास विश्रांती द्यावीच लागते, जमेल तेव्हा त्यात मी घरी येईन. फक्त तू थंडीत देतेस ते द्राक्षासव आता मला चालणार नाही. आसवात मद्यार्क असतो, आणि आमची उड्डाणाआधी श्वासाची तपासणी होते. मद्यार्क असलेला माउथवॉशसुद्धा चालत नाही. बाटली तुझ्या फडताळात ठेवली आहे. रागावू नकोस गं. बेसनाचे लाडू दे, हवे तेवढे.

ओझरच्या क्वार्टरमध्ये दुपारी जेवताना मिग वर गेला की बाबांचा घास हातातच थांबायचा. तो परत उतरला की "आला" म्हणायचात आणि मगच आमटी ओरपायचात. मी मांडीवर बसून तो आवाज ओळखायला शिकले. कपाटाच्या दाराला आतून वैमानिक कॅप्टन सौदामिनी देशमुखांचं कात्रण तुम्हीच चिकटवलं होतंत ना?

आता ऐका. रक्त पातळ व्हायची गोळी रात्री जेवल्यावरच, डबीवर वार लिहिलेत. बाबांनी पहाटे गंगेवर, गोदावरीच्या घाटावर, एकट्याने जायचं नाही, पायऱ्या निसरड्या असतात. समोरचे काका सोबत येतील, मी बोललेय. आईने माळ्यावर चढायचं नाही, डबे खाली काढून ठेवलेत. छोटी चारला शाळेतून येईल, सहाला हे येऊन तिला वर नेतील. तिचा गृहपाठ बाबांनी करून द्यायचा नाही, माझा केलात तेवढा पुरे.

हे दोन तास जड वाटले तर स्पष्ट सांगा, बाई ठेवू. वाईट अजिबात वाटणार नाही. फक्त "जाऊ नकोस" म्हणू नका. तुम्ही म्हणालात तर मी थांबेन, आणि ते आपल्या तिघांनाही पेलणार नाही.

आणि बाबा, पुढे मोबाईलवर माझं विमान शोधत ताटावर बसून राहू नका. आमटी गरम असतानाच जेवायचं. उतरले की पहिला फोन तुम्हालाच.

तुमची,
ठकू