ब्रिटन-आयर्लंड बोगदा: आधी उभा छेद दाखवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ब्रिटन आणि आयर्लंड ही दोन बेटं समुद्राखालून जोडायची कल्पना एकोणिसाव्या शतकापासून अधूनमधून डोकं वर काढते. तिच्या बाजूचा युक्तिवाद ठरलेला असतो: इंग्लिश खाडीखाली ५० किलोमीटरचा बोगदा १९९४ मध्ये सुरू झाला, मग स्कॉटलंडच्या पोर्टपॅट्रिकपासून उत्तर आयर्लंडच्या डोनाघडीपर्यंतचं ३५ किलोमीटरचं अंतर काय अवघड? हा हिशेब नकाशावर पट्टी ठेवून केलेला आहे. बोगद्याची लांबी किनाऱ्यांमधल्या अंतरावर ठरत नाही. सर्वात खोल जागा किती खोल आहे आणि रेल्वेला किती उतार झेपतो, यावर ती ठरते.

इंग्लिश खाडीखालचा बोगदा सर्वात खाली असतो तेव्हाही समुद्रसपाटीपासून फक्त ११५ मीटर खाली असतो. इथे मात्र स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर बोफर्ट्स डाइक नावाची खाई आहे. ती सुमारे ५० किलोमीटर लांब, साडेतीन किलोमीटर रुंद आणि तळाशी ३०० मीटरहून खोल आहे. त्याखाली १०० मीटर खडक राखायचा (जपानच्या सेइकान बोगद्यात तेवढा राखला आहे), तर रूळ समुद्रसपाटीखाली ४०० मीटरवर जातात. सेइकानचाच हजारी १२ चा उतार धरला, तर ४०० मीटर उतरायला ३३ किलोमीटर लागतात. किनाऱ्यापासून खाईपर्यंतच्या दहा किलोमीटरमध्ये उतरता येतात १२० मीटर. उरलेले २३ किलोमीटर स्कॉटलंडच्या जमिनीखालून यायला हवेत, म्हणजे बोगद्याचं तोंड स्ट्रॅनरार गावाच्याही पलीकडे जाईल. आयर्लंडच्या बाजूलाही दहा-बारा किलोमीटर आत जावं लागेल. एकूण लांबी ढोबळमानानं ७० किलोमीटर होते. यात अतिशयोक्ती नाही: सेइकानच्या ५३.८५ किलोमीटरपैकी समुद्राखाली फक्त २३.३ किलोमीटर आहेत, बाकी सगळा उतरण्या-चढण्यात गेला. खाईला उत्तरेकडून वळसा घालायची अभियंते जेम्स बार्टन यांची सूचना शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे आणि ती शहाणपणाची होती. पण तिथंही पाणी इंग्लिश खाडीपेक्षा कितीतरी खोल आहे.

नॉर्वेचं उदाहरण कुणी देईल, आणि ते खरंच विचार करण्याजोगं आहे. तिथला बांधकाम चालू असलेला रोगफास्ट हा रस्त्याचा बोगदा समुद्रसपाटीखाली ३९२ मीटरपर्यंत जाणार आहे. मोटारींना पाच टक्क्यांचा उतार चालतो, म्हणजे ४०० मीटर आठ किलोमीटरमध्ये उतरता येतात. पण रोगफास्ट २६.७ किलोमीटरचा आहे आणि त्याच्या वाटेत क्विट्सॉय बेट आहे, जिथून हवेसाठी उभी विहीर खणता येते. नॉर्थ चॅनेलमध्ये, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडमधल्या या सामुद्रधुनीत, वाटेत मध्ये बेटच नाही. एवढ्या लांबीत चढावर धूर सोडणारे ट्रक, आणि त्यातला एक पेटला तर? १९९६ मध्ये इंग्लिश खाडीखाली ट्रक वाहणारी शटल रेल्वेगाडी पेटली, तेव्हा माणसं वाचली ती दर ३७५ मीटरवर सर्व्हिस बोगद्यात उघडणारे आडमार्ग होते म्हणून. म्हणून वाहनं रेल्वेवर चढवून नेणं हाच इथला मार्ग, आणि रेल्वे म्हटली की पुन्हा हजारी १२.

खडकाचंही तेच. इंग्लिश खाडीखाली चॉक मार्लचा (चुनखडी आणि चिकणमातीच्या मऊ खडकाचा) एकसंध, पाणी न झिरपणारा थर मिळाला. इथे दोन्ही किनाऱ्यांवर घड्या पडून जवळपास उभे झालेले ग्रेवॅक (कठीण वालुकाश्म) आणि शेल (पापुद्र्यांचा चिखलाश्म) या खडकांचे थर आहेत, मध्ये भेगा. ४० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे ४० पट दाबाखाली अशा भेगेतून पाणी आलं की ते थांबवणं महाकठीण. त्यामुळे काम असं चालतं: खोदकामाच्या पुढच्या टोकाला खडकात २०-३० मीटरची छिद्रं मारायची, त्यांतून येणारं पाणी मोजायचं. ते ठरल्यापेक्षा जास्त असेल, तर पंख्यासारखी छिद्रं पाडून पाण्याच्या दाबापेक्षा बऱ्याच जास्त दाबानं बारीक सिमेंट भरायचं. ते घट्ट झालं की तपासणीची छिद्रं मारायची आणि मगच सुरुंग. एवढं करूनही सेइकानमध्ये चार मोठे पूर आले. १९७६ च्या पुरात मिनिटाला ७० टनांपर्यंत पाणी येत होतं. त्या कामावर ३४ जणांचे प्राण गेले.

तयार खोके बुडवून जोडायचा बोगदा इथे बाद आहे. इस्तंबूलच्या मार्मराय या रेल्वे बोगद्यात ते सुमारे ६० मीटरवर बसवले, आणि ती खोलीसुद्धा विक्रमी होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारनं बोफर्ट्स डाइकच्या खाईत दहा लाख टनांहून जास्त दारूगोळा टाकला. फॉस्जीन हा विषारी वायू भरलेली रॉकेट्सही त्यात आहेत. बरंचसं सामान खाईपर्यंत न नेता वाटेतच समुद्रात लोटलं गेलं. १९९५ मध्ये वायुवाहिनी टाकताना तळ ढवळला गेला आणि फॉस्फरसच्या हजारो कांड्या किनाऱ्यावर आल्या. बोगदा खडकातून जाणार, मग बॉम्बचा काय संबंध, असं विचारलं जातं. संबंध पहिल्याच पायरीवर येतो: खडक तपासायला समुद्रतळातून बोअर घ्यावे लागतात, आणि ते याच कचऱ्यातून.

रुळांची रुंदी ब्रिटनमध्ये १४३५ मिलिमीटर, आयर्लंडमध्ये १६००. फरक १६५ मिलिमीटरचा, आणि जड रुळाचा पायाच १५० मिलिमीटर रुंद असतो. त्यामुळे तिसरा रूळ टाकणं खास बांधणीशिवाय जमत नाही. ब्रिटिश गेज थेट बेलफास्टपर्यंत नेणं जास्त सोपं.

ब्रिटिश सरकारसाठी देशांतर्गत वाहतूक-जोडणीचा आढावा घेणाऱ्या सर पीटर हेंडी यांच्या अहवालासोबत नोव्हेंबर २०२१ मध्ये तज्ज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बोगद्याला २०९ अब्ज पौंड, पुलाला ३३५ अब्ज आणि जवळपास ३० वर्षं, असा त्याचा अंदाज होता. प्रकल्प तिथेच थांबला. हा निर्णय योग्यच होता, असं माझं ठाम मत आहे. पुढे कुणी नवा प्रस्ताव आणलाच, तर त्यानं सुंदर चित्रांआधी मार्गाचा उभा छेद (कुठे किती खोली, किती उतार हे दाखवणारा), पंपांची क्षमता आणि बोअरच्या जागा प्रसिद्ध कराव्यात. दरम्यान उत्तर आयर्लंडच्या फेरीबोटी सुटतात त्या स्कॉटलंडमधल्या केर्नरायन बंदराकडे जाणारा ए-७५ रस्ता बहुतेक लांबीत दुभाजक नसलेला, दोन्ही दिशांना एकेकच मार्गिका असलेला आहे आणि डम्फ्रीज-स्ट्रॅनरार रेल्वेमार्ग १९६५ पासून बंद आहे. ही कामं आज हाती घेण्यासारखी आहेत, आणि बोगदा कधी झालाच तर त्यालाही ती लागणारच आहेत.

आपला,
एक वाचक (स्थापत्य अभियंता)