विजेचा इशारा शिवारापर्यंत पोहोचवा

वळिवात झाडाखाली थांबू नका, असे सांगणारा आपल्या अंकातील लेख वाचला. सल्ला योग्यच आहे, पण शिवारात राबणाऱ्याने जायचे कुठे, हे त्यात आले नाही. खानापूर, बेळगाव तालुक्यांत धूळवाफ पेरणीच्या, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत बी पेरण्याच्या, दिवसांत बांधावरचा आंबा हाच निवारा. प्लॅस्टिकची खोळ डोक्यावर घेऊन बायका खोडाला टेकून उभ्या राहतात. झाडावर पडलेली वीज खोडातून शेजारच्या माणसावर झेपावते, मुळांभोवतीच्या जमिनीतूनही पसरते. पत्र्याची उघडी शेडही सुरक्षित नाही. पक्के घर किंवा काचा बंद केलेली मोटार हवी. तिथवर पोहोचायला वेळ लागतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप 20 ते 40 किलोमीटर परिघातील विजेचा इशारा देते. पण भांगलणीला, म्हणजे तण काढायला, गेलेल्या बाईचा मोबाईल, असलाच तर, घरी असतो. म्हणून ग्रामपंचायतींनी हा इशारा भोंग्यावरून मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत द्यावा. वीज चमकल्यावर 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर काम सोडावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे शिवारात परतू नये, हेही त्यातच सांगावे. ग्रामसभेची, पाणी सोडण्याची सूचना भोंग्यावरून देता येते, तर हीसुद्धा देता येईल.

— एक शेतकरी वाचक, ता. खानापूर