मायक्रोमीटर कपाटातच राहू द्या!

मा. संपादक,
स. न.

कालच्या करिअर पुरवणीतला प्रिसिजन मशीनिंगवरचा लेख वाचला. काल गप्प बसले, आज राहवलं नाही. लेखात तंत्रनिकेतनांमधल्या नव्या सिम्युलेटरांचं कौतुक आहे, वातानुकूलित लॅबचं कौतुक आहे, ‘आता हात काळे करायची गरज नाही’ असं एक आश्वासनही आहे. मोजमापाबद्दल मात्र अख्ख्या लेखात एकच ओळ, आणि तीही चुकीची. जाडी-व्यास मोजायच्या साध्या मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, म्हणे ०.०१ सेंटीमीटर! मिलिमीटर हो, मिलिमीटर. अचूकतेवरच्या लेखात दहापट चूक करायलाही कसब लागतं.

छपाईची चूक म्हणून सोडून दिलं असतं. पण मोजमापाची हीच बेफिकिरी घेऊन पोरं कॉलेजातून बाहेर पडतात आणि ती निस्तरावी लागते तपासणीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला. माझी सगळी नोकरी त्या टेबलावर गेली.

एक प्रसंग सांगते. तंत्रनिकेतनातून प्रथम श्रेणीत पास होऊन आलेला एक मुलगा आमच्याकडे सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या, लेथवर होता. हुशार पोरगा, प्रोग्रॅम झरझर वाचायचा. काम शाफ्टचं होतं. बेअरिंग बसते त्या जागी व्यास ४९.९८४ ते ५०.००० मिलिमीटरच्या आत हवा, म्हणजे सगळा मिळून टॉलरन्स, चालू शकणारा फरक, १६ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्या दिवशी कूलंटचा, म्हणजे कापताना जॉब गार ठेवणाऱ्या द्रवाचा, पंप बिघडला होता आणि वरून हुकूम आला, कोरडंच चालू द्या. चकमधून, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीतून, काढलेला जॉब (कापलेला तुकडा) चटका बसेल असा नव्हे, पण चांगलाच गरम लागत होता. मुलानं तसाच मोजला. ४९.९९० आला. रिपोर्टवर ओके लिहिलं आणि पुढचा जॉब लावला. शिफ्ट संपेपर्यंत ट्रे भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच शाफ्ट तपासणीच्या खोलीत माझ्यासमोर आले, रात्रभर २० अंशांत पडून गार झालेले. पहिला मोजला, ४९.९७६. दुसरा, ४९.९७७. मायक्रॉनपर्यंत दाखवणाऱ्या मायक्रोमीटरचे जबडे पुसले, झिरो एरर पाहिली, स्लिप गेजवर, म्हणजे प्रमाण मापाच्या ठोकळ्यांवर, ताडून पाहिलं. माप तेच. सगळा ट्रे भंगारात. मोठा राहिलेला जॉब पुन्हा कापता येतो. बारीक झालेल्याला कोण वाढवणार?

मुलाचा चेहरा पांढराफटक. ‘मॅडम, काल मी नीट मोजले होते हो.’ मोजले होतेच त्यानं, आणि नीटच मोजले होते. फक्त गरम मोजले होते. एक मीटर पोलाद एका अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. ५० मिलिमीटरचा व्यास २५ अंशांनी तापला तर सुमारे १४ मायक्रॉन फुगतो. १६च्या टॉलरन्समध्ये मग राहिलं काय? लांबी मोजण्याचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सियस हे १९३१ सालीच आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं, ते काही हौस म्हणून नाही.

त्याला विचारलं, कॉलेजात हे कुणी सांगितलं नाही? म्हणाला, सांगितलं ना, परीक्षेत दोन मार्कांना आलंही होतं. आणि मायक्रोमीटर? ते काचेच्या कपाटात, कुलपात. ‘मुलं खराब करतात म्हणून सर देत नसत. भिंतीवर तक्ता होता.’ मुलानं भरपूर बोलणी खाल्ली. तक्ता लावणाऱ्यांना कुणी काही बोललं नाही.

सिम्युलेटरशी माझं वैर नाही. टूल चकवर ठोकायचंच असेल तर आधी पडद्यावर ठोकलेलं केव्हाही बरं. पण पडद्यावरचा जॉब तापत नाही, इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या पात्याची, धार झिजत नाही, कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत कोर, राहत नाही. लांब बारीक शाफ्ट दोन सेंटरमध्ये धरला की मध्यावर टूलच्या दाबानं मागे दबतो आणि तिथे जाड राहतो. पडद्यावर तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळसोट. लेखक लिहितात, ‘मशीनला सगळं कळतं.’ साध्या सीएनसी लेथला आपला टरेट, म्हणजे हत्यारं धरणारा भाग, कुठे आहे एवढंच कळतं. धार झिजून जॉब २० मायक्रॉन मोठा यायला लागला, हे माणूस मोजतो आणि ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनमधल्या मापाच्या दुरुस्तीत, उणे ०.०२० टाकतो. तिथं उण्याच्या जागी अधिक पडलं की पुढचा जॉब ४० मायक्रॉन मोठा. मशीन बिचारं तोही तितक्याच निष्ठेनं कापतं.

कानस चालवायला शिकवणं लेखकांना ‘कालबाह्य’ वाटतं. वाटू दे. ठोकळा घासून घासून ज्यानं गुण्याखालचा उजेड बंद केलाय, त्याला सपाट म्हणजे काय ते पुन्हा सांगावं लागत नाही.

प्रवेशासाठी कॉलेज बघायला जाणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे की पडदे किती आहेत ते मोजत बसू नका. मुलाच्या हातात मायक्रोमीटर द्यायला सांगा. रॅचेट, म्हणजे जास्त दाब पडू न देणारी मागची मूठ, सुरळीत फिरतो का बघा आणि कपाटाची किल्ली कुणाकडे असते तेही विचारा.

जाता जाता, लेखासोबतच्या फोटोबद्दल. लेथसमोरचे गृहस्थ कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत, हातात जाडजूड हातमोजे, डोळ्यांवर गॉगल नाही, आणि चक फिरतोय! फिरत्या चकजवळ हातमोजे घालायचे नसतात, हे वर्कशॉपमध्ये सगळ्यात आधी सांगतात. हातमोजा अडकला की त्याच्यामागोमाग हात आत जातो. चिप काढायला ब्रश असतो, आकडा असतो. आणि तेसुद्धा मशीन थांबवून. हा फोटो कुणी आणि कुठून उचलला माहीत नाही, पण तो पाहून उद्या एखादं पोर तसंच उभं राहील. तेव्हा खुलासा छापा. मागच्या वेळसारखा आतल्या पानावर जाहिरातीच्या पायथ्याशी नको. फोटो होता तिथेच, तेवढ्याच जागेत. आणि जागेअभावी हे पत्र कापणार असाल तर बाकी काहीही कापा, हा परिच्छेद ठेवा.

आपली,
एक निवृत्त तपासनीस